रान वटवट्या आला नाही

१२ एप्रिल, शनिवार

आजच्या वार्षिक सभेत चहाबरोबर आल्याची बिस्किटं नव्हती. एकवीस वर्षांची परंपरा. या काळात चॅपल बंद पडलं, पोस्ट ऑफिसचं कुत्र्यांचं पार्लर झालं, तरी वेल्समधल्या आमच्या कोइद ब्रानोग निसर्ग मंडळाच्या सभेत आल्याचं बिस्किट कधी चुकलं नव्हतं. आज त्या जागी ओटची एक चौकोनी वस्तू होती. चावल्यावर तिने कोणतंही मत व्यक्त केलं नाही.

ती वस्तू नव्या सेक्रेटरी एर्लिस प्रोबर्ट यांनी स्वहस्ते भाजून आणली होती. वय एकाहत्तर. निवृत्त सुईण. खोऱ्यातली निम्मी प्रजा बाईंच्या हातांत जन्मली आहे, त्यामुळे मतदान ही इथे केवळ औपचारिकता असते. सगळ्यांनी दोन-दोन चौकोन खाल्ले. मी निषेध म्हणून एकच.

दुय्यम विषय: जंगलाचे मालक वॉन-प्राइस साहेब यांचं पत्र. खालच्या उतारावरून ट्रॅक्टरचा रस्ता काढायचा आहे. दोन जूनला काम सुरू. मात्र त्या उतारावर रान वटवट्या असेल, तर काम ऑगस्टपर्यंत थांबणार, कारण हा पक्षी एवढे ओक सोडून जमिनीवर, पाचोळ्यात घरटं करतो. आहे की नाही, हे मंडळाच्या पक्षी-नोंदकाने एकतीस मेपर्यंत सहीनिशी कळवायचं.

पक्षी-नोंदक म्हणजे मी. मटणवाले इद्रिस, दूधवाले हीऊ, तसा गावात मी, शाळामास्तर असूनही, आगटे पक्षीवाले.

संकल्प: १. रोज पहाटे पाचला जंगलात. २. एर्लिसबाईंशी भांडायचं नाही. ३. एर्लिसबाईंशी बोलायचंच नाही; म्हणजे दुसरा सोपा जाईल.

१३ एप्रिल

पाऊस. गेलो नाही. पक्षीही जात नाहीत.

१९ एप्रिल, शनिवार

पहाटे ५.४०. (पाच हा आदर्श आहे.) रानलसणाचा वास, निळी घंटाफुलं, चिखल. ऐकलेले पक्षी: कुकू, कबूतर, कावळा, सुतार, घुबड. सगळे ठणठणीत.

वटवट्या अजून आफ्रिकेतून यायचा आहे. त्याला वेळ द्यायला मी तयार आहे. मी न्यायी माणूस आहे.

घरी येऊन नेस्टाशी वाद. ती म्हणाली की ती मला तीनदा काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, तू हल्ली पुटपुटतेस. ती त्यावरही काहीतरी पुटपुटली. एकतीस वर्षांच्या संसारात बायकोचे उच्चार इतके ढासळावेत, हे दुःखद आहे. वेल्श लोकांचं पन्नाशीनंतर असं होत असावं.

२३ एप्रिल, बुधवार

ओव्हन दुरुस्तीवाला आला. ओव्हनचा बझर वाजत नाही म्हणून मी कंपनीला दोन पत्रं लिहिली होती. त्याने बटण दाबलं, उभा राहिला, म्हणाला, वाजतोय की. मी म्हणालो, वाजत असता तर परवाचा ब्रेड कोळसा झाला असता का? तो माझ्याकडे बघायच्या ऐवजी नेस्टाकडे बघत राहिला. हल्लीचे कारागीर गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देत नाहीत.

२७ एप्रिल, रविवार

वटवट्या नाही. चार वर्षांपूर्वी या तारखेला खालच्या उतारावर सात गात होते. तीन वर्षांपूर्वी चार. गेल्या वर्षी अख्ख्या मोसमात एक, आणि तोही मला अंदाजानेच लिहावा लागला.

दगडी फरशीवर पातेल्याचं झाकण पडावं, गरगर गरगर करत, वेग वाढवत, थरथरून थांबावं, असं त्याचं गाणं. ते ज्याला ऐकू येणार नाही तो माणूस नव्हे, खांब.

दुर्बीण घरीच ठेवतो. मे महिन्यात ओकची पानं एवढी दाट होतात की डोळ्यांनी पक्षी शोधणारा माणूस मान मोडून घेतो. कान हीच खरी दुर्बीण. हे वाक्य मी नवीन सभासदांना दरवर्षी ऐकवतो. नवीन सभासद आले की पुन्हा ऐकवीन.

२९ एप्रिल, मंगळवार

संकल्प क्रमांक तीन मोडला. दोष माझा नाही.

खालच्या उतारावर एर्लिसबाई एका बुंध्यावर बसून मनुकांचा ब्रेड खात होत्या. मला बघताच म्हणाल्या, आला हो मास्तर तुमचा पाहुणा! काल संध्याकाळीच आला. तो काय, डोक्यावरच आहे तुमच्या.

मी वर बघितलं. पानं हलत होती. पानं वाऱ्यानेही हलतात.

बाई म्हणाल्या, ऐका, आत्ता. मग म्हणाल्या, आता परत. मग ब्रेडचा घास गिळून म्हणाल्या, अगंबाई, काय रेटतोय मेला, बायको मिळेपर्यंत काही दम खात नाही. मी पाच मिनिटं उभा राहिलो. एक कबूतर तेवढं घुमत होतं. मी अत्यंत सौजन्याने म्हणालो की बाई, तुम्ही थकला असाल. त्या म्हणाल्या, मी बसलेय, उभे तुम्ही आहात.

निष्कर्ष: बाईंना रस्ता थांबवायचा आहे आणि त्यासाठी त्या पक्षी रचताहेत. हेतू चांगला, मार्ग निंद्य. रस्ता मलाही नको आहे. पण नोंदवहीत मी खोटं लिहिणार नाही. मंडळाचा नियम चार: नोंदकाने स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय पक्षी नोंदवू नये. हा नियम पहिल्याच वर्षी मीच लिहिला, कारण तेव्हा लोक कशालाही काहीही म्हणत.

४ मे, रविवार

एक वेगळाच आवाज. प्यू, प्यू, प्यू. हळवा, उतरता. बुलफिंच. खालच्या उतारावर बुलफिंच पक्षी यंदा बरेच दिसतात, म्हणजे ऐकू येतात. नोंद: चार.

बुलफिंच वाढले, वटवट्या गेला. या दोन घटनांचा संबंध असावा. विचार करतो.

७ मे, बुधवार

विचार केला. शाळेतून आल्यावर जुन्या वह्या काढल्या आणि चहा गार होईपर्यंत बसलो. थक्क व्हावं असं चित्र पुढे आलं. चार वर्षांपूर्वी डोक्यावर पिवळी पट्टी असलेला तो चिमुकला पक्षी, जो देवदारांच्या शेंड्यांत गातो, तो माझ्या नोंदींतून नाहीसा झाला. त्यानंतर खोडावर उंदरासारखा चढणारा. मग थिरथिऱ्या घटला. आता वटवट्या. म्हणजे ज्यांचे आवाज बारीक आणि उंच, तेच जाताहेत. कावळा, कबूतर, घुबड यांना धक्काही नाही. हवामानबदलाने बारीक आवाजाच्या पक्ष्यांवर विशेष दात धरलेला दिसतो.

हे आजवर कोणाच्याही लक्षात आलेलं नाही. गावपत्रिकेतल्या माझ्या ‘रानवार्ता’ सदरासाठी लेख लिहायला घेतला: ‘उच्चस्वरी पक्ष्यांचा अंत’. नेस्टाने वाचला. बराच वेळ काही बोलली नाही, किंवा बोलली असेल. मग मोठ्याने म्हणाली, मुकुंद, हा लेख पाठवायच्या आधी तू एकदा डॉक्टरकडे जा. मी म्हणालो, पक्षी आजारी आहेत, मी नाही.

११ मे, रविवार

अध्यक्ष इद्वल बेव्हन यांना सोबत नेलं. तटस्थ साक्षीदार हवा. इद्वल शेतकरी माणूस, गोगलगाईसारखा शांत. अर्धा तास उभे होतो. डोक्यावरच्या ओकमधून अळ्यांची लेंडकं टपटप पडत होती. जॅकेट खराब झालं. शेवटी मी ओरडून विचारलं, तुम्हाला काही ऐकू आलं का? इद्वल म्हणाला, मला काय विचारता मास्तर, तीस वर्षं माझ्या कानात ट्रॅक्टर बसलाय, बायको मेली तेव्हा तिचं शेवटचं बोलणंही शेजारणीने लिहून दाखवलं मला. पण नाही बुवा, मला नाही आलं काही ऐकू.

वाईट वाटलं. कान गेलेल्या माणसाचं जंगलात काय उरतं.

तरीही साक्ष ती साक्ष. वटवट्या नाही म्हणणारे दोन, आहे म्हणणारी एक.

१५ मे, गुरुवार

वॉन-प्राइस साहेबांचा फोन. म्हणाले, घाई नाही मास्तर, तुम्ही म्हणाल ती पूर्वदिशा, पण ट्रॅक्टरवाल्याला तारीख द्यायची आहे. माणूस गोड आहे. त्याचा राग येतो तो त्यामुळेच. कुणी अरेरावी केली असती तर मी जंगलाच्या बाजूने लढलो असतो. हा माझ्यावर विश्वास ठेवतो. आता मी काय करणार?

फॉर्म टेबलावर आहे. ‘प्रजाती आढळली नाही’ या चौकोनावर पेन टेकवून बघितलं. अजून सोळा दिवस. मी घाई करणारा माणूस नाही.

१८ मे, रविवार

खास सभा. बाईंनी बोलावली. चौकोन होतेच.

बाईंनी टेबलावर फोन ठेवला आणि म्हणाल्या, खालच्या उतारावर काल पहाटे रेकॉर्ड केलंय, ऐका. बटण दाबलं. फोन गप्प. मी बाईंच्या फजितीने मनातून सुखावलो, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. एवढ्यात इद्रिस मटणवाल्याची मान एका बाजूला कलंडली. लायब्ररीच्या मेगनबाईंनी डोळे मिटले. कोणीतरी म्हणालं, अहाहा. सात माणसं एका गप्प फोनसमोर माना डोलावत बसली होती. सुईणीचा एवढा वचक मी यापूर्वी पाहिला नव्हता.

मी उभा राहिलो. म्हणालो की सभेला त्रिवार वंदन, पण पुण्याला मी न्याय शिकलो आहे आणि मीमांसाही थोडी. एखादी वस्तू नाही हे कशावरून कळतं? ती मिळत नाही यावरून. याला अनुपलब्धी म्हणतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणजे घडा नाही. मला वटवट्या ऐकू येत नाही, म्हणजे वटवट्या नाही. शिवाय नियम चार.

एर्लिसबाई म्हणाल्या, मास्तर, नियम केलात तेव्हा तुमचे कान किती वर्षांचे होते? इद्रिसला हसू आवरेना. इद्वलने विचारलं, काय म्हणाली? शेजाऱ्याने कागदावर लिहून दिलं, मग तोही हसला. एवढ्या उशिरा.

मी सभात्याग केला. छत्री विसरली. परत जाऊन आणली. सभात्यागाचा परिणाम थोडा कमी झाला.

१९ मे

रागाने झोप नाही. संकल्प: एकतीसपर्यंत थांबायचंच नाही. बुधवारी सही.

२१ मे, बुधवार

शाळेत परीक्षा. सही राहिली.

२५ मे, रविवार

खालच्या उतारावर नोंद: बुलफिंच, चौदा. प्यू, प्यू, सगळीकडून. इतके बुलफिंच या खोऱ्यात कधीच नव्हते. ‘उच्चस्वरी पक्ष्यांचा अंत’ या लेखाला जोड म्हणून ‘बुलफिंचांचं आक्रमण’.

ट्रॅक्टरवाल्याने झाडांवर केशरी रंगाच्या खुणा केल्या आहेत. एकशे चाळीस वर्षांच्या ओकवर हा माणूस फुलीची खूण करतो, जणू परीक्षेत चुकलेलं उत्तर. मला त्याचा तिरस्कार वाटतो. रंगाचाही. बुलफिंचांचाही. आणि सगळ्यात जास्त त्या पक्ष्याचा, जो आला असता तर हे थांबलं असतं.

२९ मे, गुरुवार, सकाळ ६.१०

जंगलात बसूनच लिहितोय.

तो आहे. वटवट्या. माझ्यापासून चार हातांवर, खालच्या फांदीवर. गळा लिंबाच्या सालीसारखा पिवळा, पोट पांढरंशुभ्र. चोच उघडली, गळा फुगला, पंख थरथरले, शेपटीच्या टोकापर्यंत सगळा पक्षी थरथरला. आणि आवाज नाही. एक हुंकारही नाही. पुन्हा. पुन्हा. सहा वेळा.

मुका वटवट्या! पक्षीशास्त्रात याची नोंद असल्याचं मला ठाऊक नाही. उच्चस्वरी पक्षी मरत नाहीयेत, ते मुके होताहेत. हे मासिकात पाठवायला हवं. गावपत्रिका पुरणार नाही.

६.२५

त्याच पक्ष्याने त्याच फांदीवरून चोच उघडली आणि म्हणाला, प्यू. प्यू. प्यू.

बुलफिंच नाही. पक्षी तोच, चोच तीच, फक्त स्वर खालचा.

म्हणजे ते चौदा बुलफिंचही हेच.

२९ मे, संध्याकाळ

शाळेला निरोप पाठवला की पोट बिघडलंय. दिवसभर जुन्या वह्या बघत बसलो. काही लिहीत नाही.

फक्त एक गोष्ट. अनुपलब्धीबद्दल सभेत बोललो ते अर्धंच होतं. पुढचं वाक्य मी चाळीस वर्षांपूर्वी घोकलेलं आहे आणि ते मला उत्तम पाठ आहे. घडा दिसत नाही म्हणून घडा नाही, हे तेव्हाच, जेव्हा घडा असता तर तो बघणाऱ्याला दिसला असता. आंधळ्याच्या न दिसण्याने घडा नाहीसा होत नाही. पुण्याच्या शास्त्रीबुवांनी यासाठी मला बाकावर उभं केलं होतं. सभेत हे वाक्य विसरलो, असं स्वतःला सांगून पाहिलं. विसरलो नव्हतो.

३० मे, शुक्रवार

पहाटे पाचला, खरोखर पाचला, एर्लिसबाईंच्या दारात. बाई नाइटगाऊनवर रेनकोट घालूनच बाहेर आल्या. म्हणाल्या, कुणाला कळा सुरू झाल्या? मी म्हणालो, माझ्याबरोबर खालच्या उतारावर चला. का ते विचारलं नाही. बूट घालता घालता एवढंच म्हणाल्या, मी मोजीन, तुम्ही लिहा. उलटं नको.

बुंध्यावर बसलो. ठरलं ते असं: पक्षी गायला की बाईंनी बोट वर करायचं. मी आधी बोटाकडे बघायचं, मग फांदीकडे. बोट वर जायचं आणि दर वेळी, अगदी दर वेळी, पक्ष्याची चोच उघडी असायची. पहिली दहा-बारा मिनिटं मी बाईंना पकडायचा प्रयत्न केला. त्यांना डोळे मिटायला लावले. तरी बोट वर, चोच उघडी. दोन तासांत शहाण्णव वेळा. एकदाही चुकल्या नाहीत. बाई म्हणाल्या, दोन खोल्या पलीकडचं पोर रडतंय की मांजर, हे ऐकण्यात जन्म गेला माझा.

तीन नर. खुणा केलेल्या झाडांच्या मधोमध. आणि उठताना बाईंनी माझी बाही धरून जोरात मागे ओढलं. मी पाय ठेवणार होतो तिथे सुक्या नेच्याखाली गवताचा एक गोळा होता, बाजूला भोक, आत मादी. हलली नाही. आमच्याकडे बघत राहिली. बाई म्हणाल्या, बघा, इतकी धीट, आणि तुम्ही म्हणे ती नाहीच.

मला वाटलं, आता बोलतील. सभेचं, फोनचं, नियम चारचं, सगळं काढतील. माझी तयारी होती. रेनकोटच्या खिशातून त्यांनी ओटचा चौकोन काढला, अर्धा मला दिला. म्हणाल्या, कोरडा झालाय, चहा असता तर बरं झालं असतं.

मी खाल्ला. बरा होता.

३१ मे, शनिवार

फॉर्म भरला. ‘आढळली’ या चौकोनात खूण. संख्या: तीन नर, एक घरटं. ‘नोंदक’ या रकान्यात एर्लिस प्रोबर्ट. नियम चार मोडला. तो रद्द करावा अशी चिठ्ठी जोडली आणि खाली नोंदकपदाचा राजीनामा. इद्वलने राजीनामा परत केला. मोठ्याने म्हणाला, सध्या कागद कमी आहेत, पाठकोरा वापरा.

वॉन-प्राइस साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ऑगस्ट तर ऑगस्ट, मास्तर, तुम्ही सांगताय म्हणजे असणारच. मी म्हणालो, मी सांगत नाही, बाई सांगतात. ते म्हणाले, तेच ते. मी म्हणालो, तेच ते नाही. बहुधा त्यांना कळलं नाही. मला लागलेल्या चार वर्षांच्या मानाने हे काहीच नाही.

लेख फाडला.

दुपारी एकटाच जाऊन आलो. बुंध्यावर बसलो. वारा होता, कबूतर होतं, लांब कुठे मेंढ्या होत्या. पूर्वीसारखंच वाटलं. आणि तिथे बसल्या बसल्या मला घाम फुटला.

पक्षी गेले असं मी चार वर्षं लिहीत होतो, पण जंगल रिकामं झालंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं. कुठे भोक पडलंय हे जाणवलं नव्हतं. जे ऐकू येत नाही, ते ऐकू येत नाही हेही कळत नाही. वटवट्याचं मला दुसऱ्याने दाखवलं म्हणून कळलं. आणखी काय काय गेलंय, घरातलं, माणसांचं, हे मला माहीत नाही. नेस्टा स्वयंपाकघरात आहे. तिला सगळं माहीत असणार. विचारलं तर सांगेल. मला भीती वाटते. अजून विचारलेलं नाही.